गरीचा दोरा किती जाड असावा?



पावसाळा ओसरला, तलाव भरला, की पाळीवर गरी घेऊन बसलेली माणसं दिसू लागतात. त्यात पुरुष आणि शाळकरी पोरंच जास्त. बाई मासे विकते, मासे साफ करते, मासे रांधते. पण गरी हातात धरलेली बाई अजून कमीच दिसते. आमच्या गटातल्या बाया आता गरी टाकतात. दुसऱ्या गटांच्या बैठकीला आम्ही गेलो की तिथल्या बाया पहिला प्रश्न हाच विचारतात, ‘काठी तर बांबूची तोडू, पण दोरा कोणता घेऊ?’ आज त्याच दोऱ्याबद्दल बोलू.

एक गोष्ट आधीच सांगतो. आमच्या पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीकडे, मामा तलावांच्या काठी ढिवर समाजातल्या बहिणी पिढ्यान्‌पिढ्या मासोळीवर जगत आल्या आहेत. त्यांना शिकवायला आम्ही बसलेलो नाही. त्यांच्याकडूनच आम्ही बरंच शिकलो. हे बोलणं आहे ते पहिल्यांदा काठी हातात धरणाऱ्या बाईसाठी.

आता शब्द ठरवून घेऊ, कारण गावागणिक नावं बदलतात. आम्ही सगळ्या साधनाला गरी म्हणतो, कुठे त्यालाच गळ म्हणतात. टोकाला जो वाकडा काटा असतो त्याला आपण आज आकडा म्हणू. आणि जो पारदर्शक नायलॉनचा दोरा असतो, ज्याला कुठे तंगूस म्हणतात, त्याला नुसतं दोरा म्हणू.

दुकानात गेलं की दुकानदार बहुतेक वेळा जाड दोरा पुढे करतो. आपल्यालाही तेच बरं वाटतं. जाड म्हणजे मजबूत, मजबूत म्हणजे मासा सुटणार नाही. विहिरीच्या दोराला हा हिशोब बरोबर आहे. गरीला तो लागू पडत नाही. का, ते घरच्या घरी करून बघता येतं.

एक लिटरची बाटली पाण्याने भरा. म्हणजे एक किलो वजन झालं. ती दहा फुटी काठीच्या टोकाला बांधा आणि काठी बुडख्याकडे धरून वर उचला. एका हाताने जमत नाही, मनगट थरथरतं. दोन हात लावले तर कशीबशी उचलते. म्हणजे काठी धरून बसलेली बाई दोऱ्यावर जेमतेम एक-दोन किलोचा जोर देऊ शकते. मग बारा किलो पेलणारा दोरा लावून काय मिळालं? तो दोरा तुटणार नाही हे खरं. पण मोठा मासा लागला किंवा आकडा लाकडात अडकला, तर दोऱ्याऐवजी काठीचं टोक मोडेल.

जाड दोऱ्याचे आणखी दोन तोटे आहेत. तो ताठ असतो, पाण्यात सरळ सुटत नाही, वेटोळं धरतो. त्यामुळे आमिष पाण्यात नीट लोंबत नाही, मासा संशय घेतो. शिवाय आपल्या तलावात जास्त मिळणारे मासे लहान तोंडाचे. चिलापी, म्हणजे तिलापिया, आमिष आधी नुसतं चोखून बघते. दोरा ताठ असला तर ती तिथूनच परत फिरते. दिवसभर बसून तिघींच्या टोपल्या रिकाम्या आणि शेजारी बसलेल्या पोराची भरलेली, असं होतं तेव्हा पुष्कळदा नशिबापेक्षा दोऱ्याचा फरक असतो.

‘मग अगदी बारीक घेऊ का?’ असं कुणी विचारेल. तेही नको. फार बारीक दोरा नवख्या हातात टिकत नाही. झटका दिला की तुटतो, आणि मासा तोंडात आकडा आणि मागे हातभर दोरा घेऊन निघून जातो. तो मासा आपल्याला मिळत नाही, आणि त्याचे हाल होतात ते वेगळे. बारीक दोरा वाऱ्याने उडतो, झुडपात गुंततो, आणि गाठ सोडवता सोडवता संध्याकाळ होते. गरीला कंटाळून घरी बसलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत, त्यातल्या बऱ्याच जणी या गुंत्याला कंटाळल्या होत्या.

दोऱ्याच्या रिळावर एक आकडा छापलेला असतो, तो जाडीचा. ०.२०, ०.२५, ०.३०, ०.४० असे. हे मिलिमीटर. दुसरा आकडा किती वजन पेलतो त्याचा, तो किलोत असतो किंवा पौंडात. पौंडात असला तर निम्म्याहून थोडं कमी धरा. १० पौंड म्हणजे साडेचार किलो. साध्या नायलॉनचा अंदाज असा: ०.२० चा दोरा तीनेक किलो पेलतो, ०.२५ चा पाचेक किलो, ०.३० चा सातेक किलो, आणि ०.४० चा अकरा-बारा किलो. कंपनीप्रमाणे थोडं वरखाली होतं. एक गंमत ध्यानात ठेवा. जाडी दुप्पट झाली की ताकद चौपट होते. म्हणून डोळ्याला थोडाच जाड दिसणारा दोरा प्रत्यक्षात फार जास्त ताकदीचा असतो. डोळ्याने निवडू नका, रीळ हातात घेऊन आकडा वाचा. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीला सोबत न्या.

छापलेल्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको. गाठ मारली की दोऱ्याची ताकद कमी होते, पाण्यात भिजला की आणखी थोडी कमी होते. म्हणून आम्ही बादलीची परीक्षा घेतो. दोऱ्याला फास करून त्यात रिकामी बादली अडकवायची, दोरा झाडाच्या फांदीला बांधायचा, बादली जमिनीपासून चार बोटं वर राहील अशी. मग लिटरच्या मापाने पाणी ओतत जायचं. एक लिटर, दोन लिटर, तीन लिटर. ज्या मापाला दोरा तुटेल तेवढे किलो, अधिक बादलीचं वजन, ही त्या दोऱ्याची गाठीसकट खरी ताकद. चार बोटांवरून बादली पडली तर कुणाला लागत नाही. दोरा बहुतेक गाठीजवळच तुटलेला दिसेल. गाठ नीट मारायची असते, हे त्यातून पोरीसोरींनाही कळतं.

आता आजच्या बोलण्यातलं मुख्य सूत्र. गरीला एक दोरा नको, दोन हवेत. काठीपासून निघतो तो मूळ दोरा, आणि आकड्याला बांधतो तो टोकाचा दोरा. मूळ दोरा थोडा जाड, टोकाचा बारीक. काठी सगळ्यात बळकट, मग मूळ दोरा, मग टोकाचा दोरा. जोर जास्त झाला की सगळ्यात कमजोर वस्तू तुटणार. ती टोकाचा दोरा असेल तर नुकसान एका आकड्याचं आणि वीतभर दोऱ्याचं. ती काठी असेल तर सगळंच गेलं. साडीचा पदर काट्यात अडकला तर आपण पदराचा काठ फाटू देतो, साडी वाचवतो. तसंच हे.

पहिल्या गरीसाठी आमचं माप असं आहे. काठी दहा फुटांची, म्हणजे तीन मीटर. मूळ दोरा ०.३० चा, काठीएवढा लांब किंवा हातभर कमी. टोकाचा दोरा ०.२० चा, हातभर. आकडा आठ किंवा दहा नंबरचा, छिद्र असलेला. आकड्यांच्या नंबराचा हिशोब उलटा असतो हे विसरू नका. नंबर जेवढा मोठा, आकडा तेवढा लहान. दहाचा आठपेक्षा लहान. चिलापीला आणि बोटभर मासोळीला हे माप पुरतं. हात बसला, मासा किलोच्या आसपास येऊ लागला, की टोकाचा दोरा ०.२५ चा करा. मूळ दोरा बदलायची गरज नाही.

मरळ आणि वाम यांची गोष्ट वेगळी. मरळीला दात असतात, ती वेलीत-शेवाळात राहते आणि लागली की त्यातच घुसते. वाम चिखलात, दगडाच्या फटीत शिरते. त्यांना ०.३५ किंवा ०.४० चा दोरा लागतो, आणि तसाच मूळ दोरा आणि तशीच जाड काठी. पहिल्या वर्षी मरळीच्या मागे लागू नका. आधी हात तयार होऊ द्या.

नवख्या बाईला मूळ दोरा ०.३० चाच का, त्याहून बारीक का नाही? कारण तो हवेत फेकायचा असतो. दोऱ्याला थोडं वजन असलं की तो काठीच्या झोक्याबरोबर पुढे जातो. फार हलका असला तर वाऱ्याबरोबर आपल्याच पदरावर येऊन पडतो. हे फक्त आपल्याकडेच नाही. जपानमध्ये डोंगरातल्या ओढ्यांवर आपल्यासारखीच, चरखी नसलेली लांब काठी वापरतात. त्या प्रकाराला तेनकारा म्हणतात. तिथे आमिष नसतं, शिसं नसतं, आकड्याला पिसं आणि धागा गुंडाळून कीटकासारखं रूप देतात. त्यामुळे दोरा पुढे न्यायला त्याचं स्वतःचं वजन हाच आधार. तिथेही शिकाऊ माणसाला साडेतीन किंवा चार नंबरचा दोरा घ्यायला सांगतात, तो जाडीला ०.३० मिलिमीटरपेक्षा किंचित जास्तच भरतो. हात तयार झाला की त्याहून बारीक. आणि त्याच्या पुढे टोकाला आणखी बारीक दोरा जोडतात, म्हणजे तुटायचं तर तिथे तुटेल आणि काठी वाचेल. पूर्वी तो दोरा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा वळत, काठीकडे जाड आणि आकड्याकडे निमुळता. इतक्या दूरच्या लोकांनी आणि आपल्या तलावावरच्या म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांना न बघता हिशोब एकच मांडला.

आता बांधायचं कसं. काठीच्या शेंड्याला सुती दोरीचा लहानसा फास पक्का बांधून ठेवा आणि मूळ दोरा त्यात अडकवा. नायलॉन थेट बांबूवर बांधला तर घसरतो. मूळ दोऱ्याच्या खालच्या टोकाला एक फास करा. टोकाच्या दोऱ्यालाही वर फास करा. मग फासात फास अडकवा. टोकाचा दोरा बदलायचा झाला की कात्री लागत नाही. आकड्याच्या छिद्रातून दोरा ओवून स्वतःभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक छिद्राजवळच्या पहिल्या फटीतून परत काढा, पाण्यात भिजवा आणि हळू ओढा. कोरडी गाठ ओढली की नायलॉन घासून गरम होतो आणि तिथेच कमजोर होतो. पाण्याचा एक थेंब पुरतो.

मासा लागला की झटका देऊन डोक्यावरून मागे उडवायची सवय पोरांना असते. बोटभर मासोळीला चालतं. मोठा मासा पाण्यात असतो तोवर त्याचं वजन पाणी पेलतं. हवेत उचलला की सगळं वजन आणि वरून फडफड, असं दोन्ही बारीक दोऱ्यावर येतं. म्हणून काठी उभी धरा, तिला वाकू द्या, माशाला दमू द्या. मग काठाशी ओढून खाली टोपली घाला. काठीचं वाकणं हेच आपलं बळ. म्हणून बारीक दोरा पुरतो, आणि म्हणूनच साठीची आजीही हे काम करू शकते.

आकडा बुडाशी लाकडात अडकला तर मात्र काठीने ओढू नका. काठी बाजूला ठेवा, दोरा कापडात गुंडाळून हातात घ्या आणि सरळ रेषेत ओढा. उघड्या बोटांना वेढा देऊन ओढला तर नायलॉन बोट कापतो.

मैत्रिणींनो, दोऱ्याबरोबर शिसं येतं, त्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोरा बुडावा म्हणून शिशाची गोळी लावतात आणि ती दाताने चावून बसवतात. हे कुणीही करू नये. शिसं हे विष आहे, ते शरीरात साचत जातं. लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला त्याने इजा होते. गरोदर बाईने, दूध पाजणाऱ्या आईने शिसं हाताळूच नये. त्याऐवजी लोखंडी नट बांधा, किंवा चिंचोक्याएवढा खडा चिंधीत बांधून लावा. काम तेच होतं.

आकडा बोटात रुतला तर खेचू नका, त्याला उलटा काटा असतो. दोरा कापा, आकडा तसाच ठेवून आरोग्य केंद्रात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. आणि विजेच्या तारांखाली गरी कधीच टाकू नका. ओला दोरा आणि ओला बांबू यातून वीज येते. आभाळ गडगडायला लागलं की गरी गुंडाळून घरी या.

नायलॉनला उन्हाने जोर राहत नाही. काठी छपरावर उन्हात पडू देऊ नका, दोरा गुंडाळून कापडी पिशवीत घरात ठेवा. प्रत्येक वेळी बसण्याआधी टोकाचा दोरा दोन बोटांतून ओढून बघा. खरबरीत लागला, कुठे चिरल्यासारखा वाटला, तर बदला. आणि जुना दोरा पाण्यात किंवा काठावर टाकू नका. तो कुजत नाही. वर्षानुवर्षं तिथेच राहतो. बगळ्यांच्या, पाणकोंबड्यांच्या पायात तो अडकतो. चरायला आलेल्या गाई-बकऱ्यांच्या पोटात जातो. रोवणी करताना आपल्याच पायाला वेढतो. तलाव आपलं अन्न देतो, त्याच्या काठावर फास सोडून येऊ नये. तुकडे काडीला गुंडाळून घरी आणा. लांब तुकडा भोपळ्या-दोडक्याचा वेल बांधायला येतो. चुलीत मात्र घालू नका, धूर वाईट असतो.

खर्चाचा हिशोब गटाने मिळून केला तर फार थोडक्यात होतो. १०० मीटरचं ०.३० चं एक रीळ घ्या. प्रत्येक गरीला तीन मीटर लागतात, म्हणजे तीस गऱ्या निघतात. ०.२० चं १०० मीटरचं दुसरं रीळ घ्या. हातभराचे दोनशे टोकाचे दोरे होतात. दहा-बारा बायांच्या गटाला दोन रिळं वर्षभर पुरून उरतात. एकटी बाई दुकानात गेली तर दुकानदार देईल तो दोरा आणि तो सांगेल ती किंमत. गट आकडा सांगून मागतो तेव्हा दुकानदारही सरळ बोलतो.

आणि परवानगीचं विसरू नका. तलावाचा मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो. त्यांनी बीज टाकलेलं असतं, रोहू, कटला, मृगळ त्यांच्या पोटापाण्याचे आहेत. संस्थेच्या लोकांना भेटा, गरीने चिलापी आणि बारीक मासोळी घरच्यापुरती धरू का, ते विचारा, आणि जे ठरेल ते ग्रामपंचायतीसमोर ठरवा. पावसाळ्याच्या सुरुवातीला, गाभोळीने भरलेले मासे पाण्याच्या धारेला वर चढतात तेव्हा गरी बंद ठेवा. एक भरलेली मासोळी सोडली तर पुढच्या वर्षीचं कालवण सोडल्यासारखं आहे, वाया गेलं असं नाही.

आम्ही दोऱ्याच्या जाडीवर एवढं बोललो, त्याला कारण आहे. जाळं ओढायला चार माणसं लागतात, डोंगा चालवायला बळ लागतं, ठेक्याला पैसा लागतो. शेत नसलेली, सोबतीला माणूस नसलेली बाई त्यात कुठेच बसत नाही. गरीला ती एकटी पुरते. पण ती काठी तिच्या हाताला पेलली पाहिजे आणि तिचा दोरा तिच्या तलावातल्या माशाला साजेसा पाहिजे. कुणीतरी दिलेला जाड दोरा घेऊन ती दोन दिवस रिकाम्या हाताने परत आली, की लोक म्हणतात, ‘हे बायांचं काम नाही.’ ते तसं नाही, हे दोन-चार चिलाप्या घरी आणून दाखवता येतं.

तर लक्षात ठेवा. मूळ दोरा ०.३०, टोकाचा दोरा ०.२०, आकडा आठ किंवा दहा. काठी बळकट, टोक कमजोर. गाठ भिजवून ओढायची. शिसं तोंडात नाही. तुकडा पाण्यात नाही. पुढच्या बैठकीला एक बादली, एक लिटरचं माप आणि दोन प्रकारचा दोरा घेऊन बसा, आणि परीक्षा सगळ्यांसमोर घ्या. कोणता दोरा कितव्या लिटरला तुटला ते गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढल्या वर्षी नव्या बाईला ती वही कामाला येईल.